आप्पा ‘रे’ सोडत नाहीत

३ ऑक्टोबर १९६१

फाटला! आज पुन्हा आवाज फाटला. भर लग्नात! नवरानवरी पोसोल्याच्या रश्शाची पहिली वाटी तोंडाला लावतायत, आणि इकडे मी आजोबांच्या ‘नदीपल्याड’च्या तिसऱ्या कडव्यात — खर्रर्र. नवरीचा मामा मोठ्यांदा ओरडला, “अगं पोरी, मांजराच्या शेपटीवर पाय पडला का?” अख्खं अंगण हसलं. नवरीसुद्धा.

मी मागे वळून आप्पांकडे बघितलं. पोटाशी ते बासचं ढेरपोटं गितारोन, नजर सरळ समोर. काही झालंच नाही अशी. अंगठ्याने जाडी तार ओढली आणि पुढचं गाणं सुरू — पुन्हा ‘रे’!

आमच्या मारियाचीत, म्हणजे घरच्या वाद्यमेळ्यात, सगळं दो-रे-मी-फा-सोल-ला यातल्या ‘रे’च्या पट्टीत. आजोबा ‘रे’मध्ये गायचे, मग आप्पा गायले, मग नाबोरदादा. दादाला गाण्यापेक्षा व्हायोलिन आवडतं, म्हणून गेल्या वर्षापासून पुढे उभी मी. माणूस बदललं, पण पट्टी तीच! पुरुषांच्या गळ्याची. खालच्या अंगाने गायले तर शब्द विहिरीत पडतात, वरच्या अंगाने गायले तर किंचाळते. मधे मला जागाच नाही.

घरी आल्यावर लाला आत्याने मध-लिंबू हातात दिलं आणि म्हणाली, “आता चार दिवस तोंड बंद.” म्हणून लिहितेय. लिहिताना घसा दुखत नाही.

५ ऑक्टोबर

आवाज नाहीच. जेवताना मीठ खुणेने मागितलं. दादा म्हणतो, “घर किती शांत झालंय! असंच राहू दे की.” त्याला तोर्तियाची पोळी फेकून मारली.

८ ऑक्टोबर

ग्वादालाहाराहून तो रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला होता! सेन्योर लान्दा. मला सप्टेंबरच्या जत्रेत ऐकून गेला होता म्हणे. पांढरा सूट, बुटांवर आमच्या सान मार्सियालची लाल धूळ, सारखा रुमालाने पुसत होता. आत्याने दालचिनीची कॉफी दिली. मला म्हणाला, “वाद्यं नकोत. नुसती गा. हळूहळू वर चढत जा.” घसा पुरता बरा नव्हता, तरी गायले. एका ठिकाणी त्याने हात वर केला. “थांब. हीच जागा. ला बेमोल, कोमल ‘ला’. तुझा आवाज इथे राहतो.”

आणि मग म्हणाला, “कुठल्या गाढवाने हिला ‘रे’मध्ये गायला लावलंय?”

ते गाढव समोरच बसलं होतं! आप्पांनी शांतपणे कप खाली ठेवला. दादाला ठसका लागला. मला हसू की रडू कळेना.

तर ठरलं ते असं. कंपनीला माझी रेकॉर्ड काढायचीय. आप्पा म्हणाले, “माझ्या पोरीच्या मागे परके लोक वाजवणार नाहीत. वाजवेल तर आम्हा वेर्दुस्कोंची मारियाची, नाहीतर रेकॉर्ड नको.” लान्दा म्हणाला, ठीक. बावीस नोव्हेंबरला, सांता सेसिलिया या संतिणीच्या दिवशी, तो परत येणार. घरच्या मारियाचीबरोबर मी ला बेमोलमध्ये गायचं. जमलं तर डिसेंबरात सगळ्यांनी स्टुडिओत.

तो गेला आणि मी आप्पांच्या गळ्यातच पडले. ते म्हणाले, “बघू.”

बघू म्हणजे काय?

९ ऑक्टोबर

बघू म्हणजे नाही.

१० ऑक्टोबर

काल रागाने एकच ओळ लिहिली. आज लिहिते.

काल सकाळी सगळे तालमीला बसले. मी म्हटलं, “आप्पा, ला बेमोल.” त्यांनी ‘रे’ वाजवला. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा ‘रे’. चुलतभाऊ आपापली वाद्यं मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत बसले. मी म्हटलं, “बहिरे झालात का?”

“जीभ सांभाळ.”

“मग सांगा ना, का नाही?”

“या घरातली गाणी ‘रे’मध्ये जन्मली. त्यांना तिथून उठवायचं नाही.”

“आणि माझा गळा? तो मेला तरी चालेल?”

तर म्हणतात कसे, “माझ्या बापाचा नाही मेला.”

हे काय उत्तर झालं? आजोबांना मिशा होत्या! मी तेही बोलले. दादा फस्सकन हसला आणि आप्पा उठून गोठ्याकडे गेले.

खरंच सांगते, मला त्यांचा राग येतो. एवढा राग कुणाचाच येत नाही. दुसऱ्या कुणी नकार दिला असता तर मी दारं आपटली असती आणि विसरले असते. पण याच माणसाने मला दोन वर्षांची असताना गितारोनच्या पाठीवर बसवून सूर ऐकवले. पोटातून ऐकू यायचे ते. आता मला माझा सूर सापडलाय तर हेच आडवे!

१५ ऑक्टोबर

नाबोरदादा म्हणजे देवमाणूस आहे (त्याला सांगणार नाही). दुपारी आप्पा झोपले की वीटभट्टीमागे तालीम! दोन्ही व्हायोलिन, ट्रम्पेट, व्हिउएलाची छोटी गिटार. सगळं नव्याने बसवावं लागतंय. आमच्यात कागदावर वाजवतो कोण? सगळं कानावर आणि बोटांवर. बोटांना इतकी वर्षं ‘रे’ची सवय, आता ती रस्ता चुकतात. दादा दर ओळीला शिवी देतो. काल ट्रम्पेटवाला चुलतभाऊ म्हणाला, “ओती, तुझ्या गळ्यासाठी आम्ही आमचे ओठ फोडून घेतोय, लक्षात ठेव.”

फक्त गितारोन नाही. बास नाही म्हणजे पायाच नाही, सगळं हवेत तरंगतं. तरी मी ला बेमोलमध्ये गायले. ‘नदीपल्याड’मध्ये जिथे आवाज मधेच पलटी मारून बारीक होतो आणि वर जातो, ती जागा. वर्षभर मी ती चोरत आले होते. आज तिथे आवाज आपणहून गेला. ढकलावा लागला नाही! दादाने वाजवणं थांबवलं. “च्यायला,” म्हणाला.

२१ ऑक्टोबर

आप्पांचं काहीतरी बिनसलंय. बोलत नाहीत. आज गितारोन सुरात लावायला दादाकडे दिलं. “शीक आता,” म्हणे. आयुष्यात कधी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता त्याला! दादा म्हणतो, म्हातारपण. मी म्हणते, मला दाखवायला. बघ, तुला नाही, तुझ्या भावाला देतो.

२७ ऑक्टोबर

जमीनदाराच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचं जेवण. ‘रे’. पाच गाणी कशीबशी काढली, सहाव्याला रक्ताची चव आली तोंडात. देवाशप्पथ. आत्याला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. आप्पांच्या खोलीत गेली, दार लावलं. आत काहीतरी कुजबुज. बाहेर आली ती डोळे पुसत.

“काय म्हणाले?”

“काही नाही. तू गप्प बस आठ दिवस.”

सगळे मलाच गप्प बसवतात!

३१ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, गळ्यात सूज आहे, असंच ओढत राहिलीस तर गाठी होतील, मग कोंबड्या पाळ. आप्पा शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं. परत येताना गाडीत मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. घर आलं. उतरताना म्हणाले, “लान्दाला नाही म्हणून कळवूया. तू वर्षभर गाऊ नकोस.”

म्हणजे पट्टी बदलण्यापेक्षा माझं गाणं बंद झालेलं बरं!! असला बाप असतो का कुठे?

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आजोबांच्या थडग्यावर झेंडूची फुलं, त्यांची आवडती भोपळ्याची मिठाई, एक पेला मेस्कालची दारू. सगळ्या घरांचे लोक आपापल्या माणसांपाशी बसून खातपीत होते. आम्ही वाजवलं. मी गायले नाही, मला बंदी आहे. दादा गायला. ‘रे’मध्ये काय सुंदर लागतो त्याचा आवाज! गाणं खरंच तिथे राहतं, हे कबूल. पण माझं नाही.

आजोबांचं लाडकं संथ गाणं दुसऱ्या पट्टीत आहे, ‘फा’मध्ये. ते एकच. दरवर्षी शेवटी तेच वाजवतात. आज आप्पा म्हणाले, “ते नको.” आत्याने त्यांना संत्रं सोलून दिलं, एकेक फोड हातात. लहान बाळ आहेत का? तिनेच लाडावून ठेवलंय. हल्ली जाकिटाची बटणंसुद्धा तीच लावते त्यांची, दार लावून. चांदीच्या बटणांची रांग वरपासून खालपर्यंत, राजाला सजवावं तशी! मी गेले मदतीला एकदा, तर आतूनच ओरडले, “बाहेर!”

६ नोव्हेंबर

लान्दाला नकार गेलेला नाही. आत्याने टपाल पेटीत टाकलंच नाही. चुलीत घातलं. “तुझ्या बापाला बोलू नकोस,” म्हणाली. आत्या!!

१२ नोव्हेंबर

आवाज परत आला. सकाळी गोठ्यात गायीला हाक मारली तर स्वच्छ, गोल. रडायलाच आलं. आप्पांनीही ऐकलं; म्हणाले, सेसिलियाच्या दिवशी एक गाणं गा.

आत्या माझा घागरा शिवतेय. सुया तोंडात धरून बोलते, त्यामुळे अर्धं कळत नाही. मी विचारलं, “बावीस तारखेला पट्टी कोण पुकारतं?”

तिने सुया काढल्या. “तू विचारतेस का ते? गाणारा पुकारतो. सांता सेसिलिया गाणाऱ्यांची.”

तेच तर. रोज म्होरक्या पट्टी देतो, पण त्या एका दिवशी चर्चच्या अंगणात गाणारा मोठ्याने पट्टी पुकारतो आणि मारियाचीने निमूट मागे यायचं. नाही आली तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी अडून बसला होता, त्याच्या घराला अजून ‘मुक्यांचं घर’ म्हणतात.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. “ओती, असलं काही मनात आणू नकोस.”

“का?”

“आणू नकोस म्हणतेय ना!”

१३ नोव्हेंबर

आणलंय.

१९ नोव्हेंबर

दादाला सांगितलं. तो घाबरला. मग म्हणाला, “आम्ही चौघं येऊ तुझ्यामागे. आप्पांचं तू बघ.” मी म्हटलं, एकदा भर गावात पुकारलं की त्यांना वाजवावंच लागेल. त्यांच्याएवढा गितारोन वाजवणारा पंचक्रोशीत नाही, ला बेमोल काय, झोपेतही वाजवतील. अडलंय ते त्यांच्या टाळक्यात, बोटांत नाही.

दादा म्हणाला, “नाही वाजवलं तर?”

वाजवतील. ते मुक्यांच्या घरात राहणार नाहीत.

२१ नोव्हेंबर

आप्पांनी आज माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उगीचच, जाता जाता. कशाला? आजच कशाला?

२२ नोव्हेंबर

पुकारलं.

भर दुपार, चर्चमधली मिस्सा संपलेली, अंगण भरलेलं, लान्दा (नकार पोचलाच नव्हता ना!) पहिल्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेला. आम्ही अर्धवर्तुळात. आप्पा माझ्या उजवीकडे, सगळी बटणं लावून, ताठ. त्यांनी अंगठा तारेवर नेला, ‘रे’ द्यायला, आणि मी ओरडले, “ला बेमोल!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या! आप्पांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता डोळ्यांत. काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. भीती? आप्पांना कसली भीती!

दादाने सुरुवात केली. चौघे आले. गितारोन आलं नाही. एक ओळ नाही, दोन ओळी नाही. मग आलं. आणि — देवा! चुकलं. सूर भलतीकडेच गेला, मग घसरला, मग नुसताच ‘धप्प’, तार नीट दाबलीच नाही असा मेलेला आवाज. पुन्हा प्रयत्न. पुन्हा धप्प. कुणीतरी मागून आप्पांना ओरडलं, “अहो एलेउतेरियोसाहेब, झोपलात का?” हशा. मग ते थांबले. हात गितारोनवर ठेवून उभे राहिले, तसेच, शेवटपर्यंत.

आणि मी गात होते. थांबले नाही. पलटीची जागा आली आणि आवाज असा वर गेला की अंगण गप्प झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं मी आज गायले, आणि माझ्या उजव्या हाताला माझा बाप मुका उभा होता.

लोकांनी डोक्यावर घेतलं मला. लान्दाने हात धरून सांगितलं, “मिळालं! पण बासला दुसरा माणूस आण. म्हाताऱ्याचं संपलं.” आप्पांना ऐकू गेलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “माफ करा मंडळी. सकाळपासून थोडी जास्त झाली.”

खोटं! मिस्सा होईपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत ते. गाव हसलं. पाद्रीसाहेबांनी मान हलवली. आमच्या आप्पांना आता सान मार्सियाल दारुडे म्हणणार, तेही सांता सेसिलियाच्या दिवशी प्यायलेले.

का म्हणाले असं? दारूचा वास नव्हता हो त्यांना, मी अगदी शेजारी होते.

२३ नोव्हेंबर

बोटं.

आत्याने सांगितलं. मी तिला हलवून हलवून विचारलं तेव्हा. दोन वर्षांपूर्वी गोठ्याची तुळई कोपरावर पडली होती ना, डाव्या? आठवडाभर पट्टी बांधली, मग बरं झालं म्हणाले. बरं झालंच नाही. करंगळी आणि शेजारचं बोट आधी बधिर झालं, मग ताकद गेली. आता मधलंही जातंय. बटण लागत नाही, संत्रं सोलता येत नाही, कप धरला तर सांडतो. खुंटी पिळून सूर लावता येत नाही.

आणि ‘रे’! ‘रे’मध्ये जे तीन सूर बासला सारखे लागतात ते गितारोनच्या मोकळ्या तारांवरच आहेत. डावा हात नुसता ठेवायचा, काम उजव्याचं. लोकांना कळत नाही. ला बेमोलमध्ये एकही तार मोकळी मिळत नाही, प्रत्येक सूर त्या जाड तारा जिवाच्या आकांताने दाबून काढायचा. जे बोट संत्र्याची साल काढू शकत नाही त्याने!

मला हे माहीत असायला नको होतं का? मी मारियाचीवाल्याची मुलगी. तारा पाठ आहेत मला लहानपणापासून. एकदा, एकदा जरी पट्टीकडे गळ्याऐवजी बोटांनी बघितलं असतं तर! पण मला नुसता माझा गळा.

“मला का नाही सांगितलं?”

“त्याने शपथ घातली,” आत्या म्हणाली. “म्हणाला, पोरीला माझा राग येऊ दे. राग आला तर ती गाईल तरी. कीव आली तर माझ्यासाठी ‘रे’मध्ये गात बसेल आणि गळा घालवेल.”

“मग सरळ बाजूला का नाही झाले? दादाला द्यायचं गितारोन!”

आत्याने माझे हात सोडवून घेतले. मग म्हणाली, “तुझ्या पहिल्या रेकॉर्डपुरतं तरी मागे उभं राहायचं होतं त्याला. एवढंच म्हणत होता. एवढं एक होऊ दे, लाला, मग टांगतो.”

मला लाज वाटते. लाज, लाज, लाज.

२४ नोव्हेंबर

गितारोन बैठकीच्या खिळ्यावर टांगलंय. आजोबांचं जुनं व्हायोलिन जिथे टांगलेलं असतं, जे आता कुणी वाजवत नाही, त्याच्या शेजारी.

आप्पा गोठ्यात होते. मी गेले आणि दारातच थांबले. तेच म्हणाले, माझ्याकडे न बघता, “छान गायलीस. नाबोरला बास शिकव. बोटं लांब आहेत त्याची.” आणि गायीच्या पाठीवर चापट मारली. उजव्या हाताने.

मला कळलंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, असं आत्याने बजावलंय. त्यांचं तेवढंच उरलंय म्हणते.

२७ नोव्हेंबर

तार आली. मुलगी हवी. सहा डिसेंबर. ला बेमोल. बास दुसरा आणा, नाहीतर आमचा देऊ.

त्याखाली दादाने पेन्सिलीने लिहिलं, “आणि कोंबडी आणा, जेवायला.” हसले. मग रडले.

२९ नोव्हेंबर

सुचलं! धुणं पिळताना सुचलं!

‘सोल’! ला बेमोलच्या फक्त एक पायरी खाली. आणि ‘सोल’चे तिन्ही सूर मोकळ्या तारांवर! ‘रे’सारखेच! मी ओल्या हातांनीच धावत बैठकीत गेले, खिळ्यावरच्या गितारोनच्या तारा एकेक छेडून बघितल्या. आहेत. तिन्ही आहेत. आत्या मागे उभी होती. तिने तोंडावर शालीचा पदर दाबला आणि मान हलवली, हो, हो.

एकच पायरी. मला काय जड आहे!

३० नोव्हेंबर

जड आहे. ती पलटीची जागा! एक पायरी खाली आली की बरोबर माझ्या आवाजाच्या सांध्यावर येते, जिथे खालचा आवाज संपतो आणि वरचा सुरू होतो. ला बेमोलमध्ये मी सांध्यावरून उडी मारून जाते. ‘सोल’मध्ये पाय बरोबर फटीत. वीटभट्टीमागे वीस वेळा गायले असेन, दर वेळी कोंबडा आरवतो. दादा म्हणाला, “लान्दा हाकलून देईल तुला. आपल्या सगळ्यांना. आणि वर गाव म्हणेल, बाप प्यायला आणि पोरगी चिरकली.”

“तू येणार आहेस की नाही माझ्यामागे?”

“येतोय ना! शिव्या द्यायची सोय तरी ठेव.”

३ डिसेंबर

आज जमलं. एकदा. मग पुन्हा नाही. जमतं तेव्हा वेगळंच लागतं: चकाकत नाही, जरासं ओलसर, कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तसं. मला आवडलं. पण लान्दाला चकाकी हवीय.

४ डिसेंबर

आप्पांना सांगितलं. खोटंच. “डॉक्टर म्हणाले, ला बेमोल माझ्या घशाला फार वर आहे. ‘सोल’मध्येच गायला पाहिजे.” त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, मक्याचे दाणे सोलत बसले.

त्यांनी एक कणीस उचलून परत ठेवलं. मग म्हणाले, “‘सोल’.”

“हो. डॉक्टर म्हणाले.”

“डॉक्टरला पट्ट्या कळायला लागल्या का?”

माझे कान तापले. ते उठले आणि आत गेले. दार लावून घेतलं. संध्याकाळी जेवायलासुद्धा बाहेर आले नाहीत. आत्या माझ्याशी बोलत नाहीये. “कळलं त्याला,” एवढंच म्हणाली, “तुला कळलंय ते कळलं त्याला. जे झाकायला त्याने स्वतःला दारुडा म्हणवून घेतलं ते तू उघडं केलंस, पोरी.”

मी काय करायला पाहिजे होतं? कुणी सांगेल का मला?

५ डिसेंबर

उद्या सकाळी बस. दादा ला बेमोलमध्ये बास वाजवू शकतो आता, बऱ्यापैकी. ‘सोल’मध्येही. म्हणजे आप्पा आले नाहीत तरी रेकॉर्ड होईल. लान्दा खूश होईल. सगळं ठीक होईल.

मला ठीक नकोय! मला माझ्या मागे तो सूर हवाय, पोटातून ऐकू येणारा. तो नसेल तर मी कुठल्या पट्टीत गाते याला काय अर्थ?

दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. बंद. गितारोन खिळ्यावर.

दादा विचारतो, उद्या सूट घालायचे का? मायक्रोफोनला डोळे नसतात. आत्या म्हणाली, “आपल्याला असतात. घाला.”

६ डिसेंबर

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

सकाळी बैठकीत आले तर खिळा रिकामा.

आप्पांच्या खोलीचं दार उघडं होतं, सताड. ते पलंगाच्या कडेला बसलेले, जाकीट अंगात, बटणं सगळी मोकळी. गितारोन शेजारी. मला बघून म्हणाले, “ओती, लाला चुलीपाशी आहे. ये. बटणं लाव.”

लावली. माझ्याच बोटांतून एक बटण निसटलं, तर म्हणाले, “घाई नको, दोघांत मिळून एक तरी धड हात हवा.” मी हसले की रडले ते आठवत नाही. वरचं शेवटचं बटण लावताना त्यांनी विचारलं, “कुठली पट्टी?”

“सोल,” मी म्हटलं.

“तिथे चिरकतेस तू. भट्टीमागून ऐकलंय मी.”

“चिरकेन. लान्दा परत पाठवेल कदाचित. पाठवू दे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, गितारोन पोटाशी धरलं, अंगठा मोकळ्या तारेवर ठेवला. “मग अशी पुटपुटतेस काय? गाणाऱ्याने पट्टी ओरडून सांगायची असते.”

मी ओरडले.